व्हायोलिनवरच आयुष्य काढायचं म्हणते, तर काढू द्यावं का?

सावंतवाडीहून एका वडिलांनी विचारलं आहे: मुलगी सतरा वर्षांची, सातव्या वर्षापासून व्हायोलिन शिकते, गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण ही परीक्षा झाली. बारावीनंतर दुसरं काहीच नको, शास्त्रीय व्हायोलिनच करायचं म्हणते. या कलाकारांचं आयुष्य नेमकं जातं कसं? पोट भरतं का? मुलीला झेपेल का? आणि ओळखीतले एक गृहस्थ त्यांचं जुनं जर्मन व्हायोलिन दीड लाखाला देऊ करत आहेत, ते घ्यावं का?

मी छत्तीस वर्षं हेच करते आहे. बराचसा काळ गायक-गायिकांच्या साथीला, थोडं स्वतंत्र वादन, आणि रोज संध्याकाळी शिकवण्या. त्यामुळे ऐकीव सांगत नाही. पण उत्तरं देण्याआधी मला एक गोष्ट कळायला हवी होती आणि नेमकी तीच तुमच्या पत्रात नाही. ती गाते का?

मंचावर गाते का, असं विचारत नाही. घरात वावरताना बंदिश तिच्या तोंडात असते का? नवा राग शिकली की आधी गुणगुणते, की थेट बोटं कुठे पडतात ते बघते? हे विचारायचं कारण माझ्याच आयुष्यात आहे. बाराव्या वर्षी मी गुरुजींकडे गेले तेव्हा पाच वर्षं वाजवत होते आणि आपल्याला येतं अशी माझी पक्की समजूत होती. त्यांनी माझा भूप रागातला छोटा ख्याल, म्हणजे द्रुत लयीतली बंदिश, शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाले, "छान. आता केस बंद कर आणि हेच गाऊन दाखव." मला स्वर पाठ होते, मात्रा पाठ होत्या, शब्द मात्र येतच नव्हते. त्यानंतर आठ महिने मी त्यांच्याकडे व्हायोलिन नेलं नाही. तंबोऱ्यापाशी बसायचं आणि गायचं. घरी येऊन रडायचे. आई म्हणायची, अगं फी व्हायोलिनची भरतोय ना आपण? आठ महिन्यांनी पुन्हा गज हातात घेतला तेव्हा पहिल्याच आलापात लक्षात आलं की जिथे गाताना माझा श्वास वळत होता, तिथेच गज आपोआप वळतो आहे. गुरुजींनी मान हलवली, बोलले काही नाहीत.

हे समजायला वाद्याची रचना बघा. सतारीला पडदे आहेत, पेटीला पट्ट्या आहेत. व्हायोलिनची पट्टी, जिच्यावर तारा दाबतो ती, कोरी. गंधार कुठे आहे हे लाकडावर कुठेही लिहिलेलं नाही. बोट केसभर सरकलं तरी स्वर ढळतो, आणि योग्य जागी ते नेण्याचं काम कानाचं असतं. तो कान गळ्यातून तयार होतो. उजव्या हाताचंही तेच. गजाला ताणलेल्या घोड्याच्या केसांची लांबी साधारण ६५ सेंटीमीटर. एवढ्या लांबीत एक श्वास बसवायचा असतो. कुठे उलटायचा, किती दाबायचा, शब्दाच्या मधोमध तोडायचा की अक्षर संपल्यावर, हे सगळं बंदिशीच्या शब्दांवर ठरतं. ज्याला शब्द ठाऊक नाहीत तो कुठेही गज उलटतो, आणि जाणत्या श्रोत्याला ते वाक्य मध्येच तुटल्यासारखं ऐकू येतं. आपण मांडी घालून बसतो, वाद्याचं वरचं टोक उजव्या पावलावर टेकवतो आणि दुसरं टोक डाव्या खांद्याशी, छातीला लावतो, तेही गाण्यासाठीच. डाव्या हातावर वाद्य पेलायचा भार उरला नाही की तो पट्टीवर वरपासून खालपर्यंत मोकळा घसरतो. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघते ती त्यामुळे.

आपल्याकडच्या थोर व्हायोलिनवादकांचं शिक्षण कुठून आलं ते शोधलंत तर एक गंमत दिसते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. त्यांचे दोन शिष्य, विष्णु दिगंबर पलुस्कर आणि अंतुबुवा जोशी. अंतुबुवांचे चिरंजीव गजाननराव जोशी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम घेतलेले गवई. ते जेवढे गायचे तेवढ्याच तोलाचं व्हायोलिन वाजवायचे. उल्हास कशाळकरांसारखे गायक त्यांच्या हाताखाली तयार झाले. विष्णु दिगंबरांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर. त्यांच्याकडे वाराणसीला एन. राजम् शिकल्या. विष्णु दिगंबरांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे आपले बापूराव पलुस्कर. त्यांच्या साथीला बसून दामोदर केशव दातार घडले. व्ही. जी. जोगांना श्रीकृष्ण रातंजनकरांची तालीम मिळाली, आणि रातंजनकरही लहानपणी अंतुबुवांकडे शिकलेले. चार वेगवेगळे वाजवणारे, चौघांचे हात निराळे, जोगांचं लयीशी खेळणं निराळं आणि दातारांचा संथ, लांब स्वर निराळा. पण मागे जावं तर प्रत्येकाच्या मागे गाणारा माणूस बसलेला आहे. म्हणून मी म्हणते की व्हायोलिनवाल्याचं आयुष्य गाण्याच्या शेजारी बसून घडतं. मुलीचा निर्णय मोजायला माझ्याकडे दुसरी कुठली फूटपट्टी नाही. तिला गाण्याशेजारी बसायला आवडत असेल, तर पुढचं सगळं सोसता येतं.

आता दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी पाच-साडेपाचला तंबोरा, हल्ली बहुतेकांचा इलेक्ट्रॉनिक. पहिला अर्धा-पाऊण तास फक्त मोकळ्या तारा आणि खर्ज, म्हणजे खालचे स्वर. एक गज, एक स्वर, सोळा मात्रा. सुरुवात, मध्य आणि टोक, तिन्ही ठिकाणी आवाज सारखा यायला हवा. बघणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटेल, पण आजही चार दिवस चुकले तर पाचव्या दिवशी माझा षड्ज थरथरतो. मग पलटे, म्हणजे ठरावीक क्रमाने उलटसुलट केलेले स्वरसमूह, मग एक राग, एकच, आठ-पंधरा दिवस तोच. तिच्या वयात चार तास हवेत, त्यातला एक गाण्याचा. आठ-आठ तास करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यातल्या काहींनी विशीतच खांदा आणि मनगट घालवलं. बोटांच्या टोकांना घट्टे पडतात ते चांगलं लक्षण. मुंग्या येणं, करंगळी बधिर होणं हे वाईट लक्षण. तसं झालं की त्याच दिवशी थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं, "रियाज आहे, सहन कर" म्हणायचं नाही. गुडघे आणि कंबर चाळिशीनंतर बोलायला लागतात.

विशीत पैसे देणारं पहिलं काम म्हणजे साथ. याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण यात माझं आयुष्य गेलं आणि यावर कुणी फारसं बोलत नाही.

साथीची सुरुवात ग्रीनरूममध्ये होते. गायिका म्हणते, "काळी चार." म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा तिचा षड्ज, तिचा सा. तुमच्या डोक्यात लगेच हिशेब व्हायला हवा. काळी चारला षड्ज-पंचम-षड्ज-पंचम लावलं की चारही तारा आपल्या मूळच्या ताणाजवळ राहतात आणि वाद्य खुलून बोलतं. काळी पाच म्हटलं की खालची तार बरीच चढवावी लागते, तुटायची भीती. गायकाची पट्टी काळी एक असली तर हीच मिळवणी, म्हणजे तारांची जुळणी, बसत नाही. पंचम-षड्ज-पंचम-षड्ज लावायचं, आणि मग वरची तार इतकी उतरते की सैल, घोगरी वाजते. म्हणून साथीदार दोन वाद्यं बाळगतो, एक बायकांच्या पट्टीचं, एक पुरुषांच्या पट्टीचं, आणि तारांचा वेगळा संच. मी पहिली दोन वर्षं एकाच वाद्यावर काढली. एका मैफलीत मध्यंतरानंतर पट्टी बदलली तेव्हा लोकांसमोर खुंट्या पिळत बसले होते. त्या रात्रीची बिदागी दुसऱ्या व्हायोलिनसाठी बाजूला ठेवली.

मंचावर बसल्यावर काय करायचं, हे कुठल्याही परीक्षेत शिकवत नाहीत. गायक आलाप घेतो तेव्हा अगदी किंचित मागून जायचं. तो श्वास घेईल तेवढी फट आपण भरायची आणि तो परत आला की आपला आवाज खाली न्यायचा. त्याच्याआधी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, जायचं नाही. तो एखाद्या स्वरावर जायच्या बेतात आहे हे आपल्याला आधी कळलं, तरी आपण तिथे आधी जाऊन बसायचं नाही. ती जागा त्याला सापडू द्यायची. त्याचा तार षड्ज दमला असेल तर आपला षड्ज त्याच्याखाली धरायचा, इतका हळू की श्रोत्याला फक्त गाणं भरलेलं वाटावं. आणि त्याने मान वळवून "घ्या" म्हटलं, तर मिळालेल्या एका आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका फेरीत, त्याच्याच बोलण्याला उत्तर द्यायचं. स्वतःची पाठ केलेली तान तिथे फेकणारे साथीदार पुन्हा बोलावले जात नाहीत. वीस वर्षं हे केलं की माणसाचं ऐकणं बदलतं. मी आता बसमध्येही कुणी बोलत असलं तर त्याचा श्वास कुठे संपतो ते ऐकते.

बापूराव पलुस्करांच्या साथीला दातार बसत तेव्हा ते विशीतले होते. दातारांचा जन्म १९३२चा. बापूराव गेले ऑक्टोबर १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी. तेवीस वर्षांच्या मुलाच्या शेजारून ते गाणं एकाएकी उठून गेलं. दातारांच्या पुढच्या साठ वर्षांच्या वादनात बापूराव ऐकू येतात असं मला नेहमी वाटतं. तो आटोपशीरपणा, तो स्वच्छ, न ताणलेला स्वर, कुठेही दाखवण्यासाठी केलेलं काही नाही. हे माझं ऐकणं आहे, तुम्ही दोघांची ध्वनिमुद्रणं मुलीला एकामागोमाग एक ऐकवा आणि तिला काय वाटतं ते विचारा.

साथीचं काम आज किती मिळतं? पूर्वीपेक्षा कमी. यामागचं कारण फारसं कुणाला ठाऊक नसतं म्हणून सांगते. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. पेटीचे स्वर ठरलेले, तिच्यातून श्रुती, म्हणजे दोन स्वरांमधले बारीक फरक, आणि मींड निघत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. त्या तीस वर्षांत रेडिओवर गाण्याला साथ द्यायची तर सारंगी किंवा व्हायोलिन. आकाशवाणीच्या केंद्रांवर व्हायोलिनवादक नोकरीला असत. जोग आणि गजाननराव जोशी दोघांचीही काही वर्षं आकाशवाणीच्या नोकरीत गेली. बंदी उठली आणि पेटी परत आली. तिला मिळवणी करावी लागत नाही, पावसात ती उतरत नाही, गायकाला भक्कम टेका देते, आणि महाराष्ट्रात तर पेटीवादकांची परंपराच मोठी. पेटीबद्दल माझ्या मनात आकस नाही, माझे कितीतरी जवळचे स्नेही पेटीवाले आहेत. पण आज ख्यालाच्या मैफलीत दहापैकी नऊ वेळा पेटी असते हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. व्हायोलिन हवंच असं म्हणणारे गायक थोडे, पण ते मनापासून म्हणतात. किशोरीताई आमोणकरांच्या साथीला मूळचे गोव्याचे, दातारांकडे शिकलेले मिलिंद रायकर बसत, ते आठवत असेल. त्या गाण्याला, श्रुतींच्या त्या बारकाव्याला, पट्ट्यांचं वाद्य पुरलंच नसतं.

आता पोटाचं. माझी पहिली बिदागी एकशे एक्कावन्न रुपये आणि नारळ. आज परिस्थिती सुधारली आहे, तरी मुख्य कलाकाराचं पाकीट आणि साथीदाराचं पाकीट यांतलं अंतर तसंच आहे. मैफलींचा हंगाम गणपतीपासून साधारण होळीपर्यंत. पावसाळ्याचे महिने कोरडे. स्वतंत्र वादनाला मोठ्या महोत्सवात जागा मिळायला पस्तिशी उजाडते, काहींची चाळिशी. आपले महोत्सव गाण्याचे आहेत. चार गायकांमागे एक वाद्य, आणि त्या एका जागेवर सतार, सरोद, संतूर, बासरी या सगळ्यांचा हक्क. म्हणजे फक्त मैफलींवर घर चालवणारे शास्त्रीय व्हायोलिनवादक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी आम्ही सगळे मैफल अधिक काहीतरी, असे जगतो.

हे "काहीतरी" कमीपणाचं मानू नका. पद्मश्री मिळालेल्या दातारांनी फिल्म्स डिव्हिजनमध्ये नोकरी केली. सरकारी नोकरी, ठरलेला पगार, आणि सोबत रियाज, मैफली, शिष्य. दर महिन्याच्या एक तारखेची काळजी नसली की माणूस फक्त पटलेलं वाजवू शकतो. मला तर त्या नोकरीचा अंश त्यांच्या वादनाच्या शांतपणातही दिसतो. राजम् यांनी बनारस हिंदू विद्यापीठात चार दशकांच्या आसपास शिकवलं. त्यांची गोष्ट मुलीला अवश्य सांगा. १९३८ सालचा जन्म, वडील ए. नारायण अय्यर यांच्याकडे कर्नाटक संगीताचं कडक शिक्षण, अगदी लहान वयात मंचावर साथ, भाऊ टी. एन. कृष्णन स्वतः नामवंत. तयार झालेला हात असताना त्यांनी तो बाजूला ठेवला आणि ओंकारनाथांच्या गाण्यासाठी हिंदुस्थानी शैली पहिल्यापासून बसवली. ज्याला आज आपण व्हायोलिनचं गायकी अंग म्हणतो ते त्यांच्या हातातून इतकं पूर्ण उतरलं की बंदिशीचे शब्द ऐकू येतात. हे सगळं विद्यापीठातली नोकरी करत.

तेव्हा तुमच्या मुलीसाठी माझा सल्ला असा. बारावीनंतर पदवी घ्यायचीच, आणि संगीतातलीच घ्यायला हरकत नाही. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, आणि तुम्हाला सगळ्यांत जवळ पणजीचं गोवा कॉलेज ऑफ म्युझिक. पुढे एम.ए. आणि नेट किंवा सेट झालं तर प्राध्यापकीचं दार उघडं राहतं. जागा कमी निघतात, पण निघतात. सोबत मंडळाची विशारद, जमलं तर अलंकार. या परीक्षांनी कुणी कलाकार होत नाही, मात्र शाळेत संगीतशिक्षक म्हणून अर्ज करताना तो कागद मागतात. आकाशवाणीची श्रवणचाचणी द्यायला लावा. बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी असतात. कायमच्या कलाकारांची भरती आता पूर्वीसारखी होत नसली तरी बी हाय मिळाली की आयोजक वेगळ्या नजरेने बघतात. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती असते, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. आणि विसाव्या वर्षापासून तिला चार लहान मुलं शिकवायला बसवा. शिकवताना स्वतःचे दोष जेवढे स्वच्छ दिसतात तेवढे आरशातही दिसत नाहीत, शिवाय घरभाडं शिकवण्यांतूनच निघतं. माझं तरी निघालं.

सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात असेलच, कारण तुमच्या शेजारच्या गोव्याचा त्यात मोठा वाटा. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती मुलं मुंबईला आली आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातले एक. संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. तेव्हा एकेका गाण्याला तीस-तीस, चाळीस-चाळीस व्हायोलिनं बसायची. नव्वदच्या दशकात सिंथेसायझर आणि संगणक आले आणि ते काम आटलं. आज चार-सहा वादकांना बोलावतात आणि तोच आवाज थरावर थर चढवून मोठा करतात. पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिन हा तर वेगळाच रस्ता. मुंबईत मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, आणि २००६ पासून एनसीपीए या मुंबईतल्या कलासंस्थेचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. पण त्यासाठी हात, बैठक, स्वरलेखनाचं वाचन सगळं लहानपणापासून त्याच पद्धतीचं लागतं. सतराव्या वर्षी तिने दोन्ही दगडांवर पाय ठेवू नये.

मुलगी म्हणून झेपेल का, असं तुम्ही जरा दबकत विचारलं आहे. तुमची काळजी मला समजते. आज हिंदुस्थानी व्हायोलिनमधली नावं घ्यायला बसलं तर राजम्, त्यांची कन्या संगीता शंकर, नाती रागिणी आणि नंदिनी, भाची कला रामनाथ अशी बायकांचीच नावं पटापट तोंडावर येतात. कलेच्या अंगाने हा प्रश्न केव्हाच संपला. व्यवहाराच्या अंगाने उरला आहे. साथीदाराचा प्रवास रात्रीचा असतो. मी एका तालुक्याच्या गावी मैफल संपवून पहाटे तीनला एसटी स्टँडवर दोन व्हायोलिनं मांडीवर घेऊन एकटी बसले होते, कारण आयोजकांनी मुख्य कलाकारांची गाडी केली होती आणि साथीदारांचं काय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानंतर मी एक नियम केला: जाण्यायेण्याची आणि राहण्याची सोय आधी ठरल्याशिवाय होकार द्यायचा नाही. काही कामं गेली. जाऊ दिली. तुमच्या मुलीला हा नियम पहिल्या दिवसापासून शिकवा, आणि सुरुवातीची तीन-चार वर्षं शक्य असेल तेव्हा तुम्ही सोबत जा. लग्नाचा विषय निघेल तेव्हा रियाजाची वेळ हा मुद्दा बैठकीतच मांडा. सकाळचे दोन तास मिळणार की नाही, एवढंच विचारायचं. माझ्या सासूबाईंनी ते तास मला तीस वर्षं राखून दिले. कुकरची शिट्टीसुद्धा त्या वेळात होऊ द्यायच्या नाहीत.

आता ते जर्मन व्हायोलिन. आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर कुणाचंही नाव असलं तरी त्यावर जाऊ नका. जुन्या युरोपीय कारखान्यांतून हजारोंनी वाद्यं निघाली आणि नामवंत कारागिरांच्या नावाच्या चिठ्ठ्या त्यांत सर्रास चिकटवल्या गेल्या. शिवाय ती वाद्यं पाश्चात्त्य मिळवणीसाठी बनलेली. आपल्या पट्टीला लावल्यावर कशी बोलतात हे वाजवूनच कळतं, तेही तासभर नाही, आठ दिवस. आणि तुमच्याकडची हवा लक्षात घ्या. कोकणच्या पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, पाठीच्या कडांचं सरस सुटतं, गजाचे केस ओलावून लोंबतात. दीड लाखाचं वाद्य सावंतवाडीच्या जुलैमध्ये सांभाळायचं तर त्यासाठी वेगळी तयारी लागते.

त्यापेक्षा तिचं आत्ताचं व्हायोलिन घेऊन मुंबईला किंवा पणजीला एखाद्या चांगल्या दुरुस्ती करणाऱ्याकडे जा. घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा, तिच्या हाताप्रमाणे घासून बसवून घ्या. बाजारातून आणलेल्या वाद्यांची घोडी बहुतेकदा उंच असते आणि बोटं उगाच दमतात. आतला साउंडपोस्ट, म्हणजे वाद्याच्या पोटातली उभी लाकडी काडी, जागेवर आहे ना ते बघायला सांगा. तो जरासा सरकला असला तरी आवाज बसतो आणि मुलांना वाटतं आपलाच हात बिघडला. तारा नव्या घाला, गजाचे केस बदला. रोज वाजवणाऱ्याने केस वर्षातून एकदा तरी बदलावेत. रियाज झाला की गज सैल करून ठेवायची आणि तारांवरची राळ कोरड्या फडक्याने पुसायची सवय नसेल तर लावा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बदला. हे सगळं मिळून दीड लाखाच्या जवळपासही जाणार नाही. उरलेल्या पैशांतून जवळपास ख्याल गाणारे जे कुणी चांगले गुरू असतील त्यांच्याकडे तिची गाण्याची शिकवणी लावा, आठवड्यातून दोन दिवस, निदान दोन वर्षं.